वेशीबाहेरचा मुक्काम



ख्रिस्ती धर्मातील आत्मार्पणशील प्रीतीविषयी मी बोलावे अशी इच्छा या स्मृतिव्याख्यानमालेच्या चालकांनी प्रदर्शित केली आणि ती मी आनंदाने शिरोधार्य मानली. मात्र विषयाचे तात्त्विक विवेचन करीत बसण्यापेक्षा एका बेटाची, त्या बेटावर हद्दपार केलेल्या जीवांची आणि त्यांच्यात जाऊन राहिलेल्या काही माणसांची हकिकत आपल्यापुढे ठेवावी, असे मी योजिले आहे. या धर्माने प्रीतीविषयी जे जे सांगितले ते आधी कथारूपाने सांगितले आणि सिद्धांत मागाहून आले. तोच क्रम मीही स्वीकारतो.

मार्काच्या शुभवर्तमानातील पहिल्याच अध्यायाच्या अखेरीस एक महारोगी येशूपाशी येतो. त्या काळच्या धर्मशास्त्राप्रमाणे त्याने कोणाच्या जवळ जाणे हाच अपराध होता. लेवीय नामक ग्रंथात अशा रोग्याने वस्त्रे फाडून, केस मोकळे सोडून, आपण अशुद्ध आहोत असे ओरडत छावणीच्या बाहेर एकटे राहावे, असा स्पष्ट दंडक घालून दिलेला आहे. येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि तो बरा होतो, हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्या प्रसंगाची शेवटची ओळ वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटते. कोणास सांगू नकोस असे बजावले असताही तो मनुष्य आनंदाच्या भरात जिकडे तिकडे सांगत सुटतो, आणि परिणामी येशूला कोणत्याही नगरात उघडपणे प्रवेश करणे अशक्य होऊन त्याला रानात, निर्जन ठिकाणी राहावे लागते. म्हणजे काल जो बाहेर होता तो आज आत गेला, आणि ज्याने त्याला आत पाठविले तो बाहेर राहिला. मार्काने यावर भाष्य म्हणून एक अक्षर लिहिलेले नाही. पण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात, येशूने वेशीबाहेर दुःख सोसले तेव्हा आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जावे, असा जो उपदेश येतो, तो वाचताना ही अदलाबदलच त्या लेखकाच्या मनात घोळत असली पाहिजे असे मला वाटते.

ख्रिस्ती आत्मसमर्पणाचे मर्म मला येथे सापडते. मित्रांसाठी प्राण देण्याविषयीचे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन सर्वतोमुखी झाल्यामुळे आपण या प्रीतीचा हिशेब मरणाने मांडू लागलो. कोणी किती गमावले, किती सोसले, याची तोलणी करू लागलो. माझा प्रश्न अधिक साधा आहे. ज्याला समाजाने वेशीबाहेर घातले त्याच्याकडे जाणारा मनुष्य संध्याकाळी घरी परततो, की तेथेच बिऱ्हाड करतो? महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्याची रचना ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिली आहे त्याला हा प्रश्न निराळा समजावून सांगावा लागू नये.

आता त्या बेटाकडे वळतो. प्रशांत महासागरातील हवाई बेटांचे राज्य एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र होते. परदेशी गलबतांबरोबर तेथे देवी, गोवर, इन्फ्लुएन्झा असे अनेक रोग आले, आणि ज्या लोकांच्या रक्तात त्यांच्याशी झुंजण्याची शक्ती नव्हती ते लोक झपाट्याने मेले. त्याच ओघात महारोगही आला. ३ जानेवारी १८६५ रोजी राजा पाचवा कामेहामेहा याने महारोगाचा फैलाव थांबविण्याच्या कायद्यावर सही केली, आणि संशयित इसमास पकडून, तपासून, रोग ठरल्यास जन्मभर अलग ठेवण्याचा अधिकार आरोग्य मंडळास मिळाला. या कामी मोलोकाई बेटाच्या उत्तरेस समुद्रात शिरलेला एक सपाट भूभाग निवडण्यात आला. त्याच्या तीन बाजूंस खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूस दीड-दोन हजार फूट उंचीचा सरळ कडा, अशी निसर्गानेच त्याची नाकेबंदी केलेली होती. ६ जानेवारी १८६६ रोजी बारा रोग्यांची पहिली तुकडी, नऊ पुरुष आणि तीन स्त्रिया, तेथे उतरविण्यात आली. पुढे १९६९ साली सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा रद्द होईपर्यंत सुमारे आठ हजार माणसांची तेथे रवानगी झाली, आणि त्यांतील बहुतेक सर्व मूळचे हवाईवासी होते.

सरकारची समजूत अशी की हे रोगी शेती करतील आणि आपले आपण पोट भरतील. ज्यांची बोटे झडली आहेत त्यांच्याकडून नांगर धरण्याची अपेक्षा कोणत्या दप्तरात बसून केली गेली असेल, याचा विचार करताना आजही मनाला चटका बसतो. अन्न अपुरे, पाणी दूर, औषधोपचार नाममात्र, आणि प्रेतांच्या व्यवस्थेस कोणी नाही, अशी तेथील स्थिती होती.

या वस्तीत पुढे सोळा वर्षे राहिलेला बेल्जियन कॅथलिक पाद्री डेमियन याचे नाव घेण्यापूर्वी मला दुसऱ्या काही माणसांविषयी बोलावयाचे आहे. रोग्यांच्या बरोबर त्यांचे निरोगी नातलग, कोणाची बायको, कोणाचा नवरा, कोणाची आई, स्वखुशीने या वस्तीत येऊन राहत. त्यांना हवाई भाषेत ‘कोकुआ’, म्हणजे साहाय्यक, म्हणत. आरोग्य मंडळास ही मंडळी नकोशी होती, कारण त्यांच्यामुळे शिधा वाढे आणि हिशेब बिघडे. पुष्कळांना परवानगी नाकारण्यात आली, पुष्कळांना परत पाठविण्यात आले. तरीही ती येत राहिली, आणि त्यांतील काहींना रोग जडला. पहिली तुकडी उतरली त्याच वर्षी तेथील प्रॉटेस्टंट रोग्यांनी आपली स्वतःची मंडळी स्थापन केली; तिच्या उपासनामंदिराला पुढे सिलोआमा हे नाव मिळाले. डेमियन तेथे पोहोचण्याच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा रोग्यांच्या त्या वस्तीत ख्रिस्ताचे नाव पहिल्याने नेले ते युरोपातून आलेल्या पाद्र्याने, असा जो समज रूढ आहे तो निराधार आहे. ते नाव पहिल्याने उच्चारले ते हद्दपार झालेल्यांनीच.

या कोकुआंपैकी एकाचे नाव इतिहासाने जपले आहे. जोनाथन नापेला हा माउई बेटावरील एक सुविद्य, प्रतिष्ठित गृहस्थ, मॉर्मन पंथाचा अग्रणी अनुयायी आणि त्या पंथाच्या धर्मग्रंथाच्या हवाई भाषांतरात साहाय्य केलेला विद्वान. १८७३ साली त्याची पत्नी किटी हिच्यावर रोगाचा शिक्का बसला, तेव्हा तो तिच्याबरोबर मोलोकाईला गेला. काही काळ तेथे तो वस्तीचा कारभारी होता. पुढे ती जागा गेली तरी तो राहिला. अखेर त्यालाही तोच रोग झाला आणि १८७९ साली तो मरण पावला. पत्नी त्याच्या पाठोपाठ काही आठवड्यांतच गेली. धर्मपीठांच्या हिशेबी मॉर्मन आणि कॅथलिक यांच्यात एवढे मोठे अंतर होते, तरी नापेला आणि डेमियन यांचे परस्परांशी सख्य होते. वेशीबाहेर पंथभेदांना फारशी जागा उरत नाही, याचा हा मला अतिशय प्रिय असलेला दाखला आहे.

डेमियनचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या गावी एका कष्टाळू शेतकरी-व्यापारी कुटुंबात झाला. त्याचे जन्मनाव जोसेफ डी व्हेस्टर. ज्या दिवशी राजाने महारोगाच्या कायद्यावर सही केली त्या दिवशी या तरुणाने पंचविशी पूर्ण केली होती, आणि तो त्या वेळी हवाई बेटांतच होता. वास्तविक तेथे जाण्याची नेमणूक त्याच्या वडील भावाची, फादर पांफिल यांची होती; परंतु रोग्यांची सेवा करताना पांफिलना ज्वराने गाठले, तेव्हा या धाकट्याने आपल्या स्थानिक वरिष्ठांस डावलून थेट पॅरिसला अर्ज केला आणि भावाची जागा मिळविली. ही घाई, ही वरिष्ठांना बाजूस सारण्याची वृत्ती त्याच्या स्वभावात अखेरपर्यंत राहिली. १९ मार्च १८६४ रोजी तो होनोलुलूस पोहोचला, मे महिन्यात त्यास पुरोहितपदाची दीक्षा मिळाली, आणि पुढील नऊ वर्षे त्याने हवाई या थोरल्या बेटावरील खेड्यापाड्यांतून हिंडण्यात घालविली.

१८७३ साली बिशप मेग्रे यांनी एका समारंभास जमलेल्या पाद्र्यांपुढे मोलोकाईच्या रोग्यांचा प्रश्न मांडला. तेथे कोणास कायमचे जाण्याचा हुकूम करण्यास ते तयार नव्हते. चौघे तरुण पुढे आले, आणि चौघांनी आळीपाळीने जावे असे ठरले. पहिली पाळी डेमियनची. १० मे १८७३ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, गुरेढोरे आणि नवे रोगी यांनी भरलेल्या आगबोटीतून तो तेथे उतरला; निजावयास घर नव्हते म्हणून पहिले काही दिवस तो केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली निजला. दुसऱ्याची पाळी कधी आलीच नाही. डेमियनने लगोलग वरिष्ठांस कळविले की आपली राहण्याची तयारी आहे.

पुढील सोळा वर्षांत त्याने जे केले त्यात गवंडीकाम, सुतारकाम, नळ घालणे, खड्डे खणणे, शवपेट्या बनविणे या कामांचा भाग प्रवचनांपेक्षा मोठा आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी त्याने वस्तीजवळ आणविले. वाऱ्याने उडून जाणाऱ्या गवती खोपटांच्या जागी लाकडी घरे उभी केली. अनाथ मुलांमुलींसाठी निवास बांधले, वाद्यवृंद उभारला, आणि मृतांना कुंपण घातलेल्या स्मशानभूमीत नाव लावून पुरण्याची व्यवस्था केली. ज्या माणसाला जिवंतपणी सरकारी नोंदीतील एक आकडा करून टाकले, त्याला मृत्यूनंतर तरी स्वतःची जागा असावी, या आग्रहात मला त्याच्या धर्मश्रद्धेचे जितके दर्शन होते तितके त्याच्या लांबलचक पत्रांतूनही होत नाही. आरंभीच्या दिवसांत रोग्यांच्या खोलीतील दुर्गंधी त्याला सोसवत नसे. तो वास कपड्यांत भरू नये म्हणून आपण चिलीम ओढू लागलो, असे त्याने आपल्या भावास मोकळेपणाने लिहिले आहे. किळस आली नाही असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. किळस आली आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खोलीत गेला.

लोकांत एक आख्यायिका प्रसिद्ध आहे: स्वतःला रोग झाल्याचे कळल्यावर डेमियनने एका रविवारी प्रवचनाचा आरंभ ‘आम्ही महारोगी’ अशा शब्दांनी केला, आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. प्रसंग नाट्यपूर्ण आहे यात संशय नाही. परंतु त्याच्या पत्रव्यवहारावरून निघणारी हकिकत याहून कितीतरी गंभीर आहे. तेथे पोहोचला त्याच वर्षाच्या अखेरीस, शरीरावर रोगाची एक खूणही नसताना, आपण प्रवचनात रोग्यांबरोबर स्वतःस गणून बोलतो असे त्याने घरी कळविले होते. रोग त्याच्या देहात प्रकट होण्यास त्यानंतर अकरा वर्षे लागली. देहाने मागाहून जे केले ते त्याच्या बोलण्याने आधीच करून ठेवले होते.

या निर्णयाची किंमत रोगाच्या फार आधी त्याला चुकवावी लागली. काही महिन्यांतच आरोग्य मंडळाने फर्माविले की वस्तीत राहावयाचे तर तेथेच राहावे, ये-जा चालणार नाही. कॅथलिक पुरोहिताच्या जीवनात पापनिवेदनाचे महत्त्व किती असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या बंदीचा अर्थ कळेल: दुसऱ्यांचे पापनिवेदन ऐकणारा हा मनुष्य स्वतःचे निवेदन कोणापुढे करणार? त्याचे वरिष्ठ एकदा आगबोटीतून आले. त्यांना उतरू देण्यास कप्तानाने मनाई केली. डेमियन होडी वल्हवीत बोटीजवळ गेला, वर चढण्याची परवानगी त्यासही मिळाली नाही, तेव्हा खालून, होडीत उभे राहून, त्याने आपले पापनिवेदन वर डेकवर उभ्या असलेल्या वरिष्ठांस मोठ्याने सांगितले. डेमियनच्या चरित्रात मला सर्वांत अधिक हलवून सोडणारा प्रसंग हा आहे. मनुष्याच्या अंतःकरणातील अत्यंत खाजगी अशी गोष्ट, जी कुजबुजून सांगावयाची, ती त्याला लाटांच्या आवाजावर आवाज चढवून सांगावी लागली.

१८८४ च्या डिसेंबरात त्याचा पाय कढत पाण्यात पडला आणि वेदना झाली नाही. पुढल्या वर्षी डॉक्टरांनी निदान पक्के केले. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डेमियनला मरणाची ओढ होती, रोग त्याने मागून घेतला, असे भाविक चरित्रकार कधी कधी सुचवितात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. जपानी वैद्य गोतो यांच्या स्नानचिकित्सेची कीर्ती ऐकून १८८६ साली तो होनोलुलूच्या रुग्णालयात जाऊन राहिला, आणि तीच चिकित्सा मोलोकाईवर सुरू करण्यासाठी त्याने खटपट केली. १८८८ च्या अखेरीस एडवर्ड क्लिफर्ड नावाचा इंग्रज चित्रकार त्याच्या भेटीस गेला तेव्हा आपल्या सामानात त्याने गर्जन वृक्षाचे तेल नेले होते, कारण अंदमानात महारोगावर त्याचा प्रयोग झालेला होता. डेमियनने तेही तेल लावून पाहिले. त्याला जगावयाचे होते. त्याच्या प्रीतीचे मोल मला यामुळेच अधिक वाटते: ज्याला जीवन नकोसे झाले आहे त्याने ते दिले तर त्यात देणे कोठले? १५ एप्रिल १८८९ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, तो मरण पावला आणि पहिल्या रात्री ज्या झाडाखाली निजला होता त्याच झाडाखाली त्याला पुरले.

काळाची एक गुंफण येथे सांगण्यासारखी आहे. डेमियन ज्या वर्षी मोलोकाईवर उतरला त्याच १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे डॉक्टर हान्सेन यांना महारोगाचे जंतू दिसले. पुढे सल्फोन औषधे १९४६ च्या सुमारास मोलोकाईवर पोहोचली आणि रोगाचे भय ओसरले. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची शक्ती जन्मतःच असते हेही आता सर्वमान्य झाले आहे. म्हणजे ज्या भयापोटी आठ हजार माणसे समुद्राच्या काठावर नेऊन टाकली त्या भयाचा पुष्कळसा भाग निराधार होता. पण डेमियन आणि ते कोकुआ गेले तेव्हा हे ज्ञान कोणापाशीच नव्हते.

डेमियन गेल्यावर चारच महिन्यांत होनोलुलूतील एक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक, रेव्हरंड हाइड, यांनी एका मित्रास पत्र लिहिले आणि ते छापले गेले. डेमियन ओबडधोबड, घाणेरडा, हट्टी आणि संकुचित होता, सुधारणांत त्याचा हात नव्हता, स्त्रियांच्या बाबतीत त्याचे वर्तन शुद्ध नव्हते आणि रोगही त्याचेच फळ होते, असा त्याचा आशय. यावर १८९० साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने सिडनीहून जे जाहीर उत्तर दिले ते सर्वविश्रुत आहे. स्टीव्हन्सन स्वतः प्रॉटेस्टंट घरात वाढलेला, आणि डेमियनच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच त्या वस्तीत जाऊन राहून आलेला. त्याने शीलावरील आरोप धुडकावून लावले. पण ओबडधोबडपणा, अस्वच्छता, हट्ट ही दूषणे त्याने पुष्कळ अंशी मान्य केली, आणि तरीही हा मनुष्य थोर होता हे दाखवून दिले. स्टीव्हन्सनच्या उत्तरातील रोष काही ठिकाणी अनावर झाला आहे आणि त्याबद्दल त्यास पुढे वाईटही वाटले. तथापि दोषांसकट माणसाला उभे करण्याची त्याची पद्धती मला निःसंशय बरोबर वाटते. डेमियन कारभारी मंडळींशी भांडला, त्याने बिशपाला वैतागविले, तो सहकाऱ्यांशी पटवून घेऊ शकला नाही. रोग्यांच्या दृष्टीने मात्र एकच गोष्ट निर्णायक होती: तो परत गेला नाही.

येथे मला एक इशारा द्यावासा वाटतो, आणि तो देताना मी कोणत्याही एका धर्माकडे बोट दाखवीत नाही. त्यागाची स्तुती करणाऱ्यांच्या हातून त्याग दुसऱ्यांवर लादला जाण्याचा धोका फार मोठा आहे. आपल्या घराघरांतून स्त्रियांना, विशेषतः विधवांना, त्यागमूर्ती म्हणून गौरवीत त्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या काय काय हिरावून घेतले गेले हे आपण जाणतो; ख्रिस्ती समाजांतही क्रूस वाहण्याचा उपदेश बहुधा ज्यांच्या खांद्यावर आधीच ओझे आहे त्यांनाच केला गेला. मोलोकाईच्या हकिकतीत हा भेद अगदी स्वच्छ दिसतो. रोग्यांना जे भोगावे लागले ते आत्मार्पण नव्हते, तो त्यांच्यावर झालेला अन्याय होता. बिशप मेग्रे यांनी हुकूम सोडला नाही, ही त्या माणसाची थोरवी. जो स्वतः वेशीच्या आत सुरक्षित बसून दुसऱ्यास बाहेर जाण्याचा उपदेश करतो, त्याला या प्रीतीविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही.

वेशीबाहेर बिऱ्हाड करावयाचे की घरी परतावयाचे, या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसे महाराष्ट्रात झाली आणि ती ख्रिस्ती नव्हती, हे सांगण्यात मला अतिशय समाधान आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम उभारले. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री हे महारोगाने ग्रस्त होऊन १९३९ च्या सुमारास सेवाग्रामास आले, तेव्हा येरवड्याच्या तुरुंगातील ओळखीच्या या गृहस्थाला गांधीजींनी आपल्या कुटीच्या शेजारीच झोपडी बांधून दिली आणि स्वहस्ते त्यांच्या अंगाला मालीश केले. गटारात पडलेल्या तुळशीराम नावाच्या महारोग्याला पाहून प्रथम भयाने पळालेले आणि मग परत फिरलेले बाबा आमटे, पत्नी साधनाताई आणि लहान मुले यांच्यासह वरोऱ्याच्या खडकाळ जमिनीवर राहावयास गेले, ती कथा तर आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ही मंडळी ख्रिस्ताचे नाव घेऊन गेली नाहीत. पण वेशीबाहेर ज्याच्याकडे जावे असे इब्री पत्र सांगते, तो तेथे त्यांना भेटला नसेल असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

शेवटी एका स्त्रीविषयी. न्यूयॉर्क संस्थानातील सिरॅक्यूज येथील फ्रान्सिस्कन भगिनींच्या प्रमुख मदर मरियान कोप १८८३ साली सहा भगिनींसह हवाईस आल्या आणि डेमियनच्या मृत्यूच्या पाच महिने आधी, १८८८ च्या नोव्हेंबरात, मोलोकाईवर दाखल झाल्या. त्यांची रीत डेमियनच्या अगदी उलट होती. तो रोग्यांच्या पात्रातून जेवे, त्यांच्या चिलमीतून ओढी. मदर मरियान हात धुण्याविषयी कडक होत्या, आणि आपल्या भगिनींपैकी कोणालाही हा रोग होणार नाही असे त्यांनी निक्षून सांगितले होते. तसेच घडले. तीस वर्षे त्यांनी मुलींना शिवणकाम शिकविले, त्यांच्यासाठी चांगले कपडे बेतले, उजाड जागेत झाडे लावली, आणि १९१८ साली वार्धक्याने त्या तेथेच मरण पावल्या. डेमियनच्या मरणाने जगाला हेलावून सोडले. या बाईंच्या दीर्घ, निरोगी, शिस्तशीर आयुष्याने तसे काही केले नाही. आत्मार्पणाची परीक्षा शरीराच्या हानीने करावयाची तर मदर मरियान मागे पडतील; परंतु मुक्कामाच्या कसोटीवर दोघेही एकाच ओळीत बसतात. कॅथलिक धर्मपीठानेही डेमियनला २००९ साली आणि मरियान यांना २०१२ साली संतपद देऊन दोघांची योग्यता मान्य केली.

कोकुआंना संतपद देणारे पीठ कोठलेच नाही. नापेला हा सुशिक्षित आणि प्रतिष्ठित असल्यामुळे त्याची पत्रे आणि अर्ज टिकले. बाकीच्या बायका, नवरे, आया आरोग्य मंडळाच्या कागदांत शिधा मागणारी जादा तोंडे म्हणूनच बव्हंशी राहिल्या. अलीकडे वंशजांनी आणि संशोधकांनी हद्दपार झालेल्या हजारो माणसांची नावे जुन्या दप्तरांतून परिश्रमपूर्वक जमविली आहेत, हे काम मला कोणत्याही चरित्रग्रंथाइतकेच पवित्र वाटते. आजच्या व्याख्यानात डेमियनच्या आधी मी या साहाय्यकांविषयी बोललो तो केवळ कालक्रमास धरून नव्हे. तो पाद्री ज्या वस्तीत गेला तेथे ही प्रीती त्याच्या आधीपासून नांदत होती, आणि त्याने ती तेथील माणसांकडून पुष्कळ अंशी शिकूनही घेतली, असे माझे मत आहे.